जावा अ‍ॅपलेट: एका ब्राउझरमध्ये चालतं, दुसऱ्यात का नाही? आणि आता करायचं काय?



मागच्या आठवड्यात इचलकरंजीहून एका प्रेक्षकांचा मेसेज आला. यंत्रमागाच्या स्पेअर पार्ट्सचा त्यांचा धंदा. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना ऑफिसच्या वेबपेजमध्ये दर काढायचा कॅल्क्युलेटर करून दिला होता. माल निवडा, साइझ टाका, नग टाका, की कोटेशनचा आकडा समोर. आता जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवीन लॅपटॉप आला. त्यावर तेच पान उघडलं, तर कॅल्क्युलेटरच्या जागी नुसता रिकामा चौकोन! त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता: "सर, फाइल तीच, पान तेच, मग चालत का नाही?"

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र व्हिडिओच्या बारा मिनिटांत नीट मावलं नाही. म्हणून हा लेख. टॅगचं स्पेलिंग आणि कोड व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलाय, तो तिथून उतरवून घ्या. इथे आपण त्यामागचं 'का' समजून घेऊ. कारण 'का' कळलं की पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने दगा दिला तरी तुम्हाला अंदाज येईल.

अ‍ॅपलेट म्हणजे नक्की काय?

पहिली गोष्ट, जावा आणि जावास्क्रिप्ट एक नाहीत. नावात साम्य आहे, बाकी घराणं वेगळं. जावास्क्रिप्ट ब्राउझरला स्वतःला कळते. जावा ब्राउझरला कळत नाही. ती चालवायला कॉम्प्युटरवर जावाचं वेगळं इंजिन लागतं.

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली, तेव्हा वेबपेज म्हणजे मजकूर, चित्रं आणि लिंका, एवढंच होतं. पानावर आकडा टाकला आणि तिथल्या तिथे उत्तर मिळालं, हे नवल होतं. अ‍ॅपलेट म्हणजे जावात लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. तो सर्व्हरवरून पानाबरोबर खाली उतरतो आणि पानातल्या एका ठरावीक चौकोनात चालतो. नेटस्केप नॅव्हिगेटर २ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ३ या दोघांनीही १९९६ मध्ये अ‍ॅपलेट चालवायची सोय दिली. मग काय, कर्जाचे हप्ते, शेअरचे आलेख, गेम, पाण्यात हलणारं प्रतिबिंब, सगळीकडे अ‍ॅपलेटच अ‍ॅपलेट.

सुरक्षेसाठी अ‍ॅपलेटला कुंपण घातलेलं होतं. त्याला तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली वाचता येत नाहीत, आणि ते ज्या सर्व्हरवरून आलं तो सोडून दुसऱ्या सर्व्हरशी बोलता येत नाही. कुंपणाबाहेर जायचं असेल तर अ‍ॅपलेटवर डिजिटल सही हवी आणि वापरणाऱ्याने 'हो, परवानगी आहे' म्हणायला हवं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पानात बसवायचं कसं?

सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे अ‍ॅपलेट नावाचाच टॅग. त्यात पाच गोष्टी सांगायच्या:

१. कोणता क्लास चालवायचा.
२. फाइली कोणत्या फोल्डरमध्ये आहेत.
३. सगळ्या फाइली एकत्र बांधलेली जार फाइल असेल तर तिचं नाव.
४. चौकोनाची रुंदी आणि उंची.
५. बाहेरून द्यायची माहिती, म्हणजे पॅरामीटर. उदाहरणार्थ व्याजाचा दर किंवा जीएसटीचा टक्का.

टॅगच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेच्या मध्ये साधा मजकूर लिहायची सोय असते. ज्या ब्राउझरला हा टॅग कळतच नाही, तो हा मजकूर दाखवतो. बहुतेकांनी तिथे काहीच लिहिलं नाही. इथे निदान 'दरासाठी फोन करा' आणि नंबर लिहिलेला असता, तरी कितीतरी गिऱ्हाइकं परत गेली नसती!

आणखी एक नेहमीची चूक. जावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरतात. विंडोजवर फाइलच्या नावात हा फरक चालून जातो, लिनक्स सर्व्हरवर जात नाही. म्हणून ऑफिसात व्यवस्थित चाललेलं अ‍ॅपलेट सर्व्हरवर चढवलं की 'क्लास सापडला नाही' म्हणायचं. लोक ब्राउझरला शिव्या द्यायचे, आणि चूक असायची एका अक्षराची.

ब्राउझर बदलला की टॅग का बदलायचा?

आता खरी गंमत. १९९७ च्या डिसेंबरमध्ये एचटीएमएल ४ चं प्रमाणित रूप आलं. त्यात सांगितलं की अ‍ॅपलेट टॅग आता टाळा, त्याऐवजी ऑब्जेक्ट हा सर्वसाधारण टॅग वापरा. कागदावर ठीक होतं. पण बाजारात दोन मोठे ब्राउझर, आणि दोघांची दोन तोंडं दोन दिशांना.

इंटरनेट एक्सप्लोररला ऑब्जेक्ट टॅगमध्ये एक लांबलचक ओळख क्रमांक लागायचा, क्लास आयडी. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हएक्स पद्धतीत प्रत्येक बाहेरच्या भागाला असा क्रमांक असतो, तसा जावा प्लग-इनलाही होता. नेटस्केपला हा क्रमांक कळायचा नाही. त्याला एम्बेड नावाचा टॅग लागायचा आणि त्यात 'हा जावाचा प्रकार आहे' असं लिहावं लागायचं. म्हणजे पाहुणा एकच, पण एका घरात आधार क्रमांक दाखवा आणि दुसऱ्या घरात आडनाव सांगा.

त्यात भर म्हणजे इंजिनाचं भांडण. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररबरोबर स्वतःचं जावा इंजिन दिलं. ते आमच्या अटींना धरून नाही म्हणून सनने १९९७ मध्ये कोर्टात दावा लावला. २००१ मध्ये तडजोड झाली. पण मायक्रोसॉफ्टचं इंजिन जावाच्या १.१ या पिढीवरच थांबलं. सन पुढे गेली. नव्या जावात लिहिलेलं अ‍ॅपलेट मायक्रोसॉफ्टच्या इंजिनावर चालायचं नाही. त्यासाठी सनचं प्लग-इन वेगळं उतरवून घ्यावं लागायचं, तेही तेव्हाच्या डायल-अप इंटरनेटवर. चहा पिऊन या, जेवून या, तरी डाउनलोड चालूच.

सगळीकडे चालेल असं पान: तीन पद्धती

पहिली पद्धत, एकात एक टॅग. बाहेर ऑब्जेक्ट टॅग, त्यात क्लास आयडी. त्याच्या पोटात एम्बेड टॅग. इंटरनेट एक्सप्लोरर बाहेरचा टॅग वाचून कामाला लागायचा, नेटस्केप बाहेरचा सोडून आतला उचलायचा. एक्सप्लोररने आतला एम्बेड वाचू नये म्हणून त्याभोवती कॉमेंट नावाचा टॅग लावायचे, जो फक्त एक्सप्लोररच मानायचा. हे हाताने लिहिणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून सनने एचटीएमएल कन्व्हर्टर नावाचं साधन दिलं होतं. साधा अ‍ॅपलेट टॅग आत टाका, हा सगळा गुंता तयार होऊन बाहेर.

या पद्धतीतला खड्डा म्हणजे पॅरामीटर दोनदा लिहावे लागायचे, एकदा ऑब्जेक्टसाठी, एकदा एम्बेडसाठी. दर बदलला आणि एकाच ठिकाणी दुरुस्त केला, तर एकाच पानावर दोन ब्राउझरमध्ये दोन भाव दिसणार. कोटेशनच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको.

दुसरी पद्धत, स्क्रिप्टने ब्राउझर ओळखून टॅग लिहिणं. पान उघडताना जावास्क्रिप्ट बघते की समोर कोण आहे, आणि त्याला हवा तसा टॅग तिथल्या तिथे लिहिते. याला २००६ मध्ये आणखी एक कारण मिळालं. एका पेटंटच्या खटल्यामुळे मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बदल केला, आणि पानातल्या प्लग-इनवर आधी एक क्लिक केल्याशिवाय ते प्रतिसाद देईना. टॅग बाहेरच्या स्क्रिप्ट फाइलने लिहिला तर मात्र ही अट लागायची नाही.

तिसरी पद्धत, सनची तयार स्क्रिप्ट. २००८ मध्ये जावा ६ च्या अपडेट १० बरोबर 'डिप्लॉय जावा' नावाची स्क्रिप्ट आली. आपण फक्त क्लास, रुंदी, उंची, पॅरामीटर आणि 'कमीत कमी जावा अमुक हवी' एवढं सांगायचं. ब्राउझर ओळखणं, जावा आहे का ते बघणं, नसेल तर उतरवायच्या पानाकडे नेणं, सगळं ती करायची. पॅरामीटर एकदाच लिहायचे. तिन्हींत चांगली पद्धत हीच होती. पण आली उशिरा.

आणि तिन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी होती, तीच या लेखाचा गाभा आहे. पान आपण लिहितो. ते चालवायचं की नाही, हे समोरच्याच्या मशीनवरचा ब्राउझर ठरवतो. टॅग शंभर टक्के बरोबर असूनही चौकोन रिकामा राहू शकतो. जावा ६४ बिटची आणि ब्राउझर ३२ बिटचा असला तरी रिकामा. जावा जुनी असली तरी रिकामा. सिक्युरिटी सेटिंग कडक असलं तरी रिकामा.

दार हळूहळू कसं बंद झालं

प्लग-इन हे ब्राउझरच्या भिंतीला पाडलेलं भोक होतं. त्यातून कामाचा माल यायचा, तसेच चोरही. २०१३ च्या जानेवारीत जावातल्या एका मोठ्या त्रुटीमुळे अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने लोकांना ब्राउझरमधली जावा बंद करायचा सल्ला दिला. तोवर सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली होती. ओरॅकलने दुरुस्ती दिली आणि नियम आवळले. २०१४ च्या जानेवारीत आलेल्या जावा ७ अपडेट ५१ पासून सही नसलेली किंवा घरीच सही केलेली अ‍ॅपलेटं अडवली जाऊ लागली. ज्यांना चालवायचीच होती त्यांच्यासाठी 'अपवाद यादी' आली, त्यात साइटचा पत्ता स्वतः टाकायचा.

मग ब्राउझरवाल्यांनीच दार लावायला घेतलं. क्रोमने २०१५ च्या एप्रिलमध्ये आवृत्ती ४२ ला हे प्लग-इन आपोआप चालणं बंद केलं, आणि सप्टेंबरमध्ये आवृत्ती ४५ ला ते काढूनच टाकलं. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये ते कधी नव्हतंच. फायरफॉक्सने २०१७ च्या मार्चमध्ये आवृत्ती ५२ ला फ्लॅश सोडून बाकी सगळे प्लग-इन बंद केले. ओरॅकलने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जावा ११ मधून प्लग-इनच काढलं. आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला.

इचलकरंजीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. फाइल तीच आहे, पान तेच आहे. पण ते पान ज्याच्या भरवशावर उभं होतं, तो खांब नव्या लॅपटॉपमध्ये नाहीच.

माझी चूक

आता थोडं माझ्याबद्दल. हे व्हिडिओत बोललो नाही, इथे लिहितो.

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र तुमच्यापैकी अनेकांकडे असेल, यूएसबी टोकनमध्ये येतं ते. वेबपेजला स्वतःहून त्या टोकनपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून त्या काळात ऑनलाइन टेंडरच्या पोर्टलवर सही करायला अ‍ॅपलेट वापरायचे. सही असलेलं अ‍ॅपलेट, परवानगी घेऊन कुंपणाबाहेर जाणारं. वर लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा हाच.

भोसरीचे एक फॅब्रिकेशनवाले काका माझ्याकडे शिकायला यायचे. २०१५ च्या मे महिन्यात त्यांचा फोन आला, क्रोममध्ये सही होत नाही. मी गेलो. क्रोमच्या आत एक लपलेलं सेटिंग होतं, ते चालू केलं की प्लग-इन परत चालायचं. पाच मिनिटांत काम केलं आणि म्हणालो, "काका, झालं काम. आता बघायला नको." चहा घेतला, निघालो.

ते सेटिंग कायमचं नव्हतं. सप्टेंबरमध्ये ते जाणार, हे क्रोमवाल्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मी वाचलंही होतं. काकांना सांगितलं नाही, कुठे लिहूनही ठेवलं नाही.

सप्टेंबरमध्ये शेडच्या एका कामाचं टेंडर होतं. शेवटची वेळ दुपारी तीन. काकांनी सगळे कागद दोन दिवस आधी तयार ठेवले होते, सही तेवढी शेवटच्या दिवशी करायची ठेवली. क्रोम मधल्या काळात आपोआप अपडेट झाला होता. दोन वाजता फोन आला, "सर, परत तोच चौकोन." मी सांगितलं सेटिंग बघा. सेटिंगच नाही. मग इंटरनेट एक्सप्लोरर उघडायला लावला. त्यात जावा दिसेना, कारण मशीनवर ६४ बिटची होती आणि त्याच्या टॅब ३२ बिटमध्ये चालत होत्या. ३२ बिटची उतरवली, बसवली. मग सिक्युरिटीने अडवलं, अपवाद यादीत पत्ता टाकला. चौकोनात अखेर सहीचं बटण आलं, तेव्हा तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. "जाऊ द्या सर, पुढचं बघू," एवढंच म्हणाले. ते मला जास्त लागलं. त्या टेंडरच्या भरवशावर त्यांनी दोन वेल्डर दिवाळीपर्यंत ठेवायचे ठरवले होते.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे, आणि माझ्या प्रत्येक बॅचमध्ये सांगतो: जुगाड करा, पण त्यावर तारीख टाका. औषधाच्या पट्टीवर असते तशी. काय केलं, का केलं, आणि हे कधीपर्यंत चालेल, तीन ओळी एका वहीत. ती वही कॉम्प्युटरशेजारी.

आता करायचं काय? तीन रस्ते

रस्ता १: आधी दोष कुठे आहे ते बघा. जेडीके ८ मध्ये अ‍ॅपलेट व्ह्यूअर नावाचं छोटं साधन येतं. त्याला तुमचं पान दिलं की ब्राउझरशिवाय फक्त अ‍ॅपलेट चालतं. तिथे चाललं तर प्रोग्रॅम धडधाकट आहे, अडचण ब्राउझरची आहे. एकट्याने वापरायच्या कॅल्क्युलेटरला काही दिवस एवढंही पुरतं.

रस्ता २: तात्पुरतं पानातच चालवायचं असेल तर. विंडोजवरच्या एजमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' आहे. सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या भागात तो चालू करा, तुमच्या पानाचा पत्ता यादीत घाला, ओरॅकलची जावा ८ बसवा, अपवाद यादीत पत्ता टाका. तीन गोष्टी सांभाळा:

• यादीत घातलेला पत्ता ३० दिवसांनी निघून जातो, परत घालावा लागतो.
• ओरॅकल जावा ८ चे २०१९ च्या एप्रिलपासूनचे अपडेट धंद्यासाठी फुकट नाहीत, लायसन्स बघा. फुकट मिळणाऱ्या ओपनजेडीकेमध्ये ब्राउझरचं प्लग-इन नसतं.
• हा मोड फक्त त्या एका पानासाठी. त्यात बँक, मेल काही उघडू नका.

मायक्रोसॉफ्टने हा मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू असं सांगितलंय. म्हणजे जुगाडावरची तारीख तयारच आहे, वहीत लिहा.

रस्ता ३: कायमचा इलाज, बदला. कॅल्क्युलेटर असेल तर जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहून घ्या. आलेख आणि चित्रं आता ब्राउझर स्वतः काढतो. मोबाइलवरही चालेल, जे अ‍ॅपलेटने कधी नीट केलं नाही. डिजिटल सहीसारख्या कामाला आता कॉम्प्युटरवर छोटा प्रोग्रॅम बसवतात आणि पान त्याच्याशी बोलतं. जीएसटी पोर्टलवर सही करताना एमसायनर चालू ठेवावा लागतो, तो याच प्रकारचा.

लिहून घेताना एक काळजी घ्या. जावात दोन पूर्णांकांचा भागाकार केला की उत्तरही पूर्णांकच येतं, ७ भागिले २ म्हणजे ३. जावास्क्रिप्टमध्ये तेच ३.५ येतं. ओळीला ओळ उतरवली तर कोटेशनचा आकडा गुपचूप बदलेल. म्हणून जुन्यावर दहा-पंधरा हिशेब करून कागदावर घ्या, मग नव्यावर तेच करून ताडा. कर्जाच्या हप्त्याचा कॅल्क्युलेटर असेल तर एक तयार उदाहरण देतो: ५ लाख रुपये, वर्षाला १२ टक्के, ३६ महिने. महिन्याचा हप्ता ₹१६,६०७ यायला हवा. नाही आला, तर पुढे जाऊ नका.

इचलकरंजीच्या आपल्या मित्रांना मी सांगितलं, आज रस्ता १ ने काम चालू करा, आणि महिन्याभरात रस्ता ३ पूर्ण करा. रस्ता २ लागणार नाही असं बघा.

जाता जाता

अ‍ॅपलेट गेलं, पण तोच प्रश्न रोज नव्या नावाने येतो. बिलिंगचं अ‍ॅप, फुकटचं एक्स्टेंशन, एकाच ब्राउझरमध्ये चालणारं पोर्टल. या आठवड्यात एक काम करा. तुमच्या धंद्यातली अशी तीन कामं लिहा, जी दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरवर उभी आहेत. प्रत्येकासमोर लिहा: हे उद्या सकाळी उघडलं नाही, तर संध्याकाळपर्यंत काम कसं करणार? ज्याच्यासमोर काहीच सुचणार नाही, तिथून सुरुवात करा.

आणि हो, टेंडरची सही शेवटच्या दिवशी करू नका. काका आता दोन दिवस आधी करतात. मीही तेच शिकवतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.